बाभळीच्या फळ्या

मु. पो. अंथुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे

चि. बाळ,

तुझं पत्र परवा मिळालं. ताईचा फोन त्याच्या आधीच आला होता. हिंजवडीची नोकरी सोडून पोरगा हाताने फर्निचर करायला शिकायचं म्हणतोय, त्याला चार गोष्टी समजावून सांग, असं ती म्हणाली. चार गोष्टी सांगतो, ठरवायचं तू.

जॉर्ज नाकाशिमा हे नाव तुझ्या वाचनात आलं असेल. जन्म १९०५ चा, अमेरिकेतल्या स्पोकेन गावचा, आईवडील जपानी. एमआयटीतून वास्तुकलेची पदवी घेतलेला हा माणूस १९३० च्या दशकात पुद्दुचेरीला अरविंद आश्रमात आला आणि तिथल्या ‘गोलकोंड’ या इमारतीच्या कामात रमला. आश्रमाने त्याला ‘सुंदरानंद’ हे नाव दिलं. पुढे महायुद्ध पेटलं. जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेनेच त्याला १९४२ साली कुटुंबासकट आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं. तिथे त्याला गेंतारो हिकोगावा नावाचा, जुन्या जपानी पद्धतीत तयार झालेला सुतार भेटला. हाताशी लाकूड होतं ते बांधकामातून उरलेलं. सदतिशीच्या घरातला, जग पाहिलेला वास्तुकार त्या सुताराच्या शेजारी बसला आणि हत्यारं धरायला शिकला. छावणीतून सुटल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपला त्याने कार्यशाळा थाटली. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तो पुन्हा भारतात काम करायला आला, तेव्हा त्याचं नाव जगभर झालेलं होतं.

तेव्हा वय उलटून गेलंय ही भीती मनातून काढून टाक. नाकाशिमाकडे पदवी होती, दृष्टी होती, पण त्याचा हात तयार केला तो एका सुताराने. तुझ्या पत्रात वर्ग, व्हिडिओ, यंत्रं सगळं आलंय. सुतार मात्र कुठेच आला नाही.

आपल्या भागात सुतार हा बारा बलुतेदारांतला. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचं बारीक वर्णन करून ठेवलंय, ते मिळवून वाच. सुताराने वर्षभर नांगर, कुळव, पाभर नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या पाण्यावर पुढे ऊस वाढला, उसाबरोबर बैलगाड्या वाढल्या. पण १९०३ मध्ये किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, मग ट्रॅक्टर आले, गाडीला रबरी टायर लागले. सुताराच्या हातचं एकेक काम सुटत गेलं. त्याची पोरं वालचंदनगरला नाहीतर बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागली. त्यांना दोष देता येणार नाही. मान बेताचा, मोबदला धान्यात आणि तोही पाऊसपाण्यावर. असं काम कोण आपल्या मुलाच्या हाती देईल?

लहानपणी मी आपल्या आळीतल्या सुताराच्या दारात तासन् तास बसायचो. गाडीचं चाक भरायचं काम बघण्यासारखं असायचं. मधे बाभळीचा तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे. खिळा एकही नाही, सगळी मदार कुसवांवर. मग लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, तीन-चार जणांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि घागरी ओतायच्या. धाव आकसताना लाकूड असं करकरायचं की अंगावर काटा यावा. ती धाव किंचित लहानच केलेली असते. गरम असताना फुगून चढते आणि गार झाली की सगळे सांधे आवळून धरते. तापमान आणि प्रसरण हे शब्द त्या सुताराने ऐकलेले नव्हते, पण धाव किती लहान ठेवायची ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

तुला शिकायचंय ते मुख्यतः हेच: लाकूड कसं हलतं. फळी लांबीला जवळजवळ बदलतच नाही, पण रुंदीला पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यातही वाढीच्या कड्यांच्या दिशेने ती साधारण दुप्पट हलते. म्हणून जाणता सुतार टेबलाचा माथा खालच्या चौकटीला घट्ट ठोकत नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवतो. दाराच्या चौकटीतला दिलाही खाचेत मोकळाच सोडलेला असतो. प्लायवूडला ही काळजी नसते, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. त्यामुळे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये प्लाय आणि सनमायकाचं राज्य आलं. ते काम वाईट नाही, फक्त वेगळं आहे. तू म्हणतोस ते काम भरीव लाकडाचं.

लाकूड म्हटलं की तुम्हा शहरातल्या मुलांना सागवानच आठवतं. गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण शिकाऊ माणसाने सागावर हात साफ करू नये, फार महाग पडतं. आपल्याकडे बाभूळ आहे, कडुनिंब आहे. आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्याला १९६४ चा कायदा आहे. बाभूळ चिवट आणि जड, पण ओल्या लाकडाला भुंगा पटकन लागतो. म्हणून जुने लोक ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवत, आणि मग सावलीत वाळवत. इंचभर जाडीला वर्ष, असा वाळवणीचा ढोबळ हिशोब धर.

शिकायच्या जागा विचारल्यास. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून ते खेड्यात आले. तिथल्या वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती सगळं हाताने करून शिकतात. आधी जाऊन बघून तरी ये. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून चालू आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५,००० आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज आहे. पण ती तुझ्यासाठी नाही. पिढीजात हातकाम करून पोट भरणाऱ्यांसाठी ती आहे आणि त्यांनाच मिळाली पाहिजे.

आता माझं मत. नोकरी लगेच सोडू नकोस. वर्षभर शनिवार-रविवार इकडे ये. त्याच आळीतल्या सुताराचा मुलगा, म्हणजे तुझे सुतारकाका, सत्तरी ओलांडून गेले तरी अजून देव्हारे आणि चौकटी करतात. मी त्यांच्याशी बोललो. “पोराला आधी धार लावता येऊ दे,” एवढंच म्हणाले. त्यांची पटाशी मी हातात घेऊन पाहिली. कुरुंदाच्या दगडावर घासून घासून निम्मी झालीय, पण मनगटावरचा केस अलगद कापते. पहिला महिना तुला धार लावण्यातच घालवावा लागेल. दुसरा, लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांशाचं कुसू पाडण्यात. पहिला पाट नीट बसला की मग स्टूल.

आणि त्यांना फी द्यायची. पुण्यातल्या वर्गाला जेवढी देणार होतास तेवढीच, रोख, दर महिन्याला. गावातलं आहे, ओळखीचं आहे म्हणून चहावर भागवायचं नाही. या माणसांच्या विद्येला पिढ्यान् पिढ्या पायलीने मोजलं गेलं. नव्याने शिकायला येणाऱ्याने तरी तिचा दाम पुरा द्यावा, असं मला मनापासून वाटतं. काका नको म्हणतील. तरी दे.

गेल्या वळवात मळ्याच्या बांधावरची बाभूळ पडली. बुंधा चार महिने ओढ्यात बुडवून ठेवला होता, मागच्या आठवड्यात सॉ मिलवर चिरून आणला. दीड इंची सात फळ्या निघाल्या. गोठ्याच्या मागे, मधे पट्ट्या देऊन रचून ठेवल्यात. टोकांना चुना लावलाय. आषाढात बेलवाडीचं रिंगण होऊन तुकोबांची पालखी इथे येते, तेव्हा ये आणि बघून जा. त्या तुझ्यासाठीच ठेवल्या आहेत.

तुझा,
मामा