विचारपूस आणि वैयावृत्त्य

बार्शीच्या जुन्या पेठेत, धान्याच्या दुकानावरील माडीवर त्या एकट्या राहतात. वय ७४. पती निवर्तल्यावर दुकान भाड्याने दिले गेले. मुलगा बंगळूरला, मुलगी सुरतेला. पहाटे सामायिक, मग मंदिर, सूर्यास्तापूर्वी जेवण, असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षे चुकला नव्हता.

क्षमावाणी होऊन आठवडा झाला असेल, तोच न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. सोलापुरात शस्त्रक्रिया होऊन खुब्याचा गोळा बदलण्यात आला. बारा दिवस मुलगा जवळ होता. दुकानातल्या दोन हमालांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना चढवला आणि रजा संपताच मुलगा परतला. शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून भागला. घरी येऊन करणाऱ्या बाईचा पगार विम्यात बसत नव्हता, आणि रोज येणारी बाई मिळालीही नाही.

डॉक्टरांनी बजावले होते : खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, वाकायचे नाही. त्यांचे सारे आयुष्य मात्र जमिनीलगतच मांडलेले. सामायिकाचे आसन खाली, पिण्याच्या पाण्याचा हंडा खाली, पोथ्या खालच्या फडताळात. वॉकरने दोन्ही हात अडलेले. दुधाचा पेला ओट्यावरून खुर्चीपर्यंत नेणार कोण? त्या ओट्यापाशीच उभ्याने जेवू लागल्या. खानावळीच्या डब्यात कांदा निघाला, तेव्हा तो परत गेला आणि दूध-खाकऱ्यावर दिवस निघू लागले. रात्रीची गोळी तेवढी त्यांनी डॉक्टरांना विचारून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर करून घेतली होती. न विचारता गोळी गुपचूप टाळणारे आपल्यात थोडे नाहीत.

विचारपूस करणाऱ्यांना तोटा नव्हता. आठवड्याभरात तीसेक माणसे येऊन गेली. प्रत्येकाने केळी आणली, प्रत्येकाने आपल्या नात्यातले कोणाचे तरी पडणे वर्णिले, आणि उठताना प्रत्येकजण म्हणाला, “काकी, काही लागलं तर सांगा हं!” आल्या माणसाला कोरडे कसे पाठवावे, म्हणून त्या वॉकर धरून चहा ठेवत. काही लागते, असे त्यांनी एकालाही सांगितले नाही. जन्मभर दिलेला हात घेण्यासाठी पुढे करणे त्यांना जमत नव्हते.

मुलगा गेल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवस मावळला होता. गोळी राहिली, जेवण राहिले; वरचे भांडे रिकामे आणि पाण्याचा त्याग सुरू झालेला. ती रात्र त्यांनी कोरड्या घशाने, णमोकार जपत काढली.

सकाळी पेठेतली एक सून भेटायला आली. ती बसलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. रिकामे भांडे, काळी पडलेली केळी पाहून काही बोलली नाही. पाणी गाळले, उकळले, ओट्याच्या उंचीवर भरून ठेवले. मग म्हणाली, “काकी, उद्या साडेनऊला येते. केस धुऊन देऊ?” पंधरवड्यात डोक्याला पाणी लागले नव्हते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

त्या सुनेने आणखी चौघींना सांगितले. सकाळी स्नान एकीकडे, दिवस मावळण्यापूर्वीचे ताट आणि गोळी दुसरीकडे, जिन्याच्या दोन पायऱ्यांचा सराव तिसरीकडे, असे वार वाटले गेले. कोणाचाही अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला नाही.

तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य हे अभ्यंतर तपांत गणले आहे, आणि ज्यांची सेवा करावी त्या दहांत ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण साधू, आहे. मुनिसंघ गावात आला की आपली घरे सेवेसाठी चढाओढ करतात, आणि ते योग्यच आहे. पण शेजारच्या माडीवरचा रुग्ण श्रावक आपल्याला दिसतो का? मंदिराच्या जीर्णोद्धाराला बोली लावणाऱ्या समाजाला रोजचा अर्धा तास जड का व्हावा?

निर्वाण लाडूच्या पहाटे, पाचव्या आठवड्यात, त्या दोघींच्या आधाराने जिना उतरल्या व मंदिरात खुर्चीवर बसून पूजेला हजर राहिल्या. परतल्यावर त्यांनी वहीत पेठेत एकट्या राहणाऱ्यांची नावे लिहिली. अकरा निघाली. आता रोज सकाळी सामायिक आटोपले की त्या एकेकाला फोन करतात. कसे आहात, असे त्या विचारत नाहीत. विचारतात, “पाणी भरलंय का?”