ओल्या फडक्याची गोष्ट

मुलांनो, आज आधी एक कबुली देते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'वस्तू जपून वापरा, मोडली तर दुरुस्त करा' हे वाक्य मी वर्गात दिवसातून दोनदा तरी म्हणत असेन. आणि याच बाईंनी एकदा एक भलीमोठी वस्तू भंगारात घातली. पाटी-दप्तर नव्हे, चांगली चार चाकांची मोटार! तीही स्वतःच्या वडिलांची. कशी, ते ऐका.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. १९९६ साली त्यांनी एक जुनी गाडी घेतली. प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल, रंग फिकट निळा. मी तेव्हा आठ वर्षांची होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आणि पुढची सीट सलग बाकासारखी. त्यामुळे पुढेसुद्धा तिघं बसायचे. अण्णा, आई, आजी, दोन भाऊ आणि मी, शिवाय डब्यांची पिशवी असे सगळे त्या गाडीत मावत होतो. कसे मावत होतो ते आता विचारू नका!

तुमच्यापैकी पुष्कळांनी पद्मिनी पाहिलीही नसेल. आईबाबांना विचारा, त्यांना ती नक्की आठवेल. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीची गाडी तयार होऊ लागली. त्याच गाडीला १९७० नंतरच्या काळात 'पद्मिनी' हे नाव मिळालं, चितोडच्या राणीचं. तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. २००० सालाच्या सुमारास ती तयार होणं थांबलं. मुंबईत टॅक्सी वीस वर्षांपेक्षा जास्त चालवता येत नाही, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

आता आमच्या पद्मिनीकडे येते.

१९९८ चा मे महिना होता. खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालो होतो. तुम्ही वेरूळला गेला असाल तर तो रस्ता आठवेल. दौलताबादचा किल्ला मागे टाकला की घाट लागतो. त्या घाटात गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. आजी म्हणाली, "झालं! आता चाला पायी."

अण्णा मात्र शांत. त्यांनी बॉनेट उघडलं, आजीच्या पिशवीतलं फडकं पाण्यात भिजवलं आणि इंजिनाच्या कडेला असलेल्या एका लहानशा डबीसारख्या भागावर गुंडाळलं. मग आम्हाला सावलीत बसवून शेंगदाण्याची पुडी सोडली.

"अण्णा, तिला ताप आलाय का?" मी विचारलं. आईनं माझ्या कपाळावर अशीच घडी ठेवलेली मला ठाऊक होती.

अण्णा हसले. "तापच म्हण. तो पंप आहे. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजतो. उन्हानं नळीतच पेट्रोलची वाफ झाली. पंपाला पाणीदार वस्तू ओढता येते, वाफ ओढता येत नाही. थंड झालं की वाफेचं परत पेट्रोल होईल."

वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. बाष्पीभवन हा धडा मला पुढे शाळेत कधी पाठ करावा लागला नाही!

घरी आल्यावर अण्णांनी एक लांबट वही काढली. गाडीचं जे जे काम होई, ते त्यात तारखेसह लिहायचं ही त्यांची सवय होती. कुठला नट कितीचा, कुठला आवाज कशामुळे येतो, पावसाळ्यात काय करायचं, सगळं त्यात. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'घाटात एअर धरली. ओलं फडकं. २० मिनिटं.'

वर्षं गेली. अण्णा निवृत्त झाले. डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं. गाडी दारातल्या लिंबाखाली उभी राहिली. पत्रा गंजला, उंदरांनी वायरी कुरतडल्या. मी म्हटलं, "अण्णा, विकून टाकू या. नुसती जागा अडवून बसलीय."

"कामून घाई करतीस? उभी हाय बिचारी. काय खायला मागती का?"

मी ऐकलं नाही. २०१६ साली भंगारवाल्याला बोलावलं. अठरा हजार रुपये आले. क्रेननं गाडी उचलली तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते. बोलले काहीच नाहीत. फक्त आत वाकून कप्प्यातली वही तेवढी काढून घेतली. मला वाटलं, बरं झालं, अंगण मोकळं झालं.

अंगण मोकळं झालं खरं, पण संध्याकाळी अण्णा खुर्ची घेऊन तिथेच बसायचे. रिकाम्या जागेकडे तोंड करून. ते पाहिलं की मी घरात निघून जाई.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे माझ्या लहानपणीच्या औरंगाबादला, गाड्यांचं नवल नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली. २०१० च्या ऑक्टोबरात तर इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या! देशभर चर्चा झाली. पण नवी गाडी घेण्यासाठी एकत्र येणारी माणसं वेगळी आणि जुनी गाडी जपण्यासाठी एकत्र येणारी वेगळी. ही दुसरी माणसं मला भेटली दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या एका रविवारी.

चौथीची सहल घेऊन मी वेरूळला गेले होते. कैलास लेणं पाहून वाहनतळावर आलो, तर तिथे सात-आठ जुन्या गाड्या ओळीनं उभ्या! ॲम्बॅसॅडर, विलीज जीप, मॉरिस मायनर, स्टँडर्ड हेराल्ड. मुलं धावलीच. "हात लावू नका रे!" असं मी ओरडतेय तोच एकानं विचारलं, "बाई, ह्या खऱ्याखुऱ्या हायेत का? चालतात?"

ओळीच्या टोकाला एक पद्मिनी होती. फिकट निळी.

माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. नंबर वाचला. नव्हती, आमची नव्हती. पण तिचा मालक, पंचविशीतला एक मुलगा, घामाघूम होऊन किल्ली फिरवत होता आणि गाडी नुसतीच 'खर्र खर्र' करत होती. बरोबरचे जाणकार लेणी बघायला गेलेले. तीन महिन्यांपूर्वीच त्यानं ती गाडी घेतली होती.

"घाट चढून आलात ना? मग थोडा वेळ इंजिन चालू ठेवून उभे होतात?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

मी पाण्याची बाटली आणि माझा रुमाल काढला. बॉनेट उघडायला लावलं. पंप कुठे असतो ते मला अजून आठवत होतं. त्याच्याकडून ओला रुमाल पंपावर ठेवून घेतला. (मुलांनो, गरम इंजिनाजवळ तुम्ही मात्र हात नेऊ नका. ते काम मोठ्यांचं.)

"आता वीस मिनिटं थांबायचं," मी म्हटलं.

वीस मिनिटं चौथीच्या मुलांना गप्प बसवणं म्हणजे काय, हे तुमच्या बाईंना विचारा! मी एक गोष्ट सांगितली. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचं पेटंट घेतलं. पण ती गाडी लांब जाऊ शकेल यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची बायको बर्था हिनं दोन मुलांना बरोबर घेतलं आणि नवऱ्याला न सांगता ती गाडी घेऊन निघाली. मॅनहाइम ते फोर्झहाइम, सुमारे शंभर किलोमीटर! वाटेत इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजला, त्याला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. आणि पोचली!

"म्हणजे पहिली मेकॅनिक बाईच होती!" एक मुलगी म्हणाली.

तेवढ्यात लेणी बघायला गेलेली मंडळी परतली. त्यांच्यातल्या एका काकांना मुलांनी गराडाच घातला. "तुम्ही रोज ह्याच गाडीनं जाता? शर्यत लावता? कितीला घेतली?"

काकांनी सगळ्यांना उत्तरं दिली. अशा गाड्यांचे संघ जगभर आहेत. इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन अशी जुन्या गाड्यांची फेरी निघते, १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्यांचीच. तिचं मूळ १८९६ सालात आहे. त्याआधी तिथे मोटारीला तासाला सहा-साडेसहा किलोमीटरच वेग ठेवता येई आणि पुढे एक माणूस पायी चालत ठेवावा लागे. तो कायदा बदलला, म्हणून आनंदानं ती फेरी निघाली. १९२७ पासून, युद्धासारख्या अडचणीची काही वर्षं सोडली तर, दरवर्षी निघते. आपल्याकडे दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची फेरी १९६४ साली सुरू झाली. मुंबईतही व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया हा संघ अशा फेऱ्या काढतो.

"ह्यात शर्यत नसते," काका म्हणाले. "सगळ्यात जोरात कोण गेलं, हे आम्ही बघत नाही. गाडी मूळची होती तशी कुणी राखली, ते बघतो. एरवी आम्ही काय करतो? सुटे भाग शोधतो. एकाकडे दिवा असतो, दुसऱ्याकडे दाराची कडी. देवाणघेवाण करतो. सरकारनं २०२१ मध्ये नियमही केलाय. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. मग ती फेरीला, प्रदर्शनाला नेता येते, पण रोजच्या कामाला वापरायची नाही."

"आणि पन्नास वर्षं झाली नसतील तर?" मी विचारलं.

"जुन्या गाड्यांची एक जागतिक संघटना आहे, फिवा नावाची. ती तीस वर्षं झाली की गाडीला वारसा मानते. नीट राखलेली हवी मात्र."

तीस वर्षं. १९८८ आणि तीस, २०१८. मी गाडी घालवली २०१६ मध्ये. चौथीतल्या मुलालाही येईल अशी वजाबाकी, पण त्या दिवशी मला ती फार जड गेली.

वीस मिनिटं झाली. मुलानं किल्ली फिरवली आणि पद्मिनी सुरू झाली! मुलांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की बाजूची माकडं झाडावर चढली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे कुणी शिकवलं?"

मी अण्णांचं नाव सांगितलं. वहीचंही सांगितलं. काका गंभीर झाले. "वही आहे अजून? अहो, पार्ट एकवेळ मिळतात. मिस्त्री मिळत नाहीत. जुने मिस्त्री गेले की त्यांच्या हातातलं सगळं त्यांच्याबरोबर जातं."

पुढच्या रविवारी ती निळी पद्मिनी आमच्या दारात लिंबाखाली येऊन उभी राहिली. अण्णांना नीट दिसत नव्हतं. ते जवळ गेले, दारावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चालू कर." लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मुठीला कान लावला. डॉक्टर नळी लावून ऐकतात ना, तसं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

"टॅपेट ढिले झालेत. दुसऱ्या सिलिंडरचे. वही आण गं, मोजमाप लिहिलंय."

दुपारपर्यंत काम चाललं. हात त्या मुलाचे, शब्द अण्णांचे. वहीच्या झेरॉक्स प्रती आता त्या मंडळींपैकी पाचजणांकडे आहेत. कुणाची गाडी अडली की अण्णांना फोन येतो. फोनवरच इंजिनाचा आवाज ऐकून अण्णा आजार सांगतात!

मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, मी गाडी विकायला नको होती."

"नकोच होती," अण्णा म्हणाले. उगाच माझं मन राखलं नाही त्यांनी. थोड्या वेळानं म्हणाले, "वही राहिली, ते बरं झालं."

मुलांनो, आमची गाडी परत आली नाही. भंगारात गेलेलं परत येत नसतं. पण त्या माणसांकडून मी एक शिकले. वस्तू एकट्यानं टिकत नाही. ती दुरुस्त करता येणारा कुणीतरी लागतो आणि त्याच्याकडून शिकून घेणारा आणखी कुणीतरी लागतो. त्यांचा संघ गाड्यांचा दिसतो, पण खरं पाहिलं तर तो असं शिकण्या-शिकवण्याचा आहे.

आमच्या वर्गात आता शनिवारचा शेवटचा तास 'दुरुस्तीचा तास' असतो. तुटकी छत्री, दप्तराची चेन, न चालणारं घड्याळ, काहीही आणायचं. जे ज्याला येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. मागच्या महिन्यात एका मुलाच्या आजोबांनी येऊन चपलेला टाका कसा घालायचा ते दाखवलं.

तुम्हीही एक करा. आज घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय दुरुस्त करता येतं?" शिलाई मशीन असेल, रेडिओ असेल, विहिरीवरची मोटर असेल, नाहीतर फाटकी गोधडी असेल. ते सांगतील ते एका वहीत लिहून ठेवा, तारखेसह. आणि पालकांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी ती जपणाऱ्या माणसाला एकदा विचारा. मी विचारलं होतं, पण ऐकलं नव्हतं. तुम्ही ऐका.