दात आणि हृदय

दाताचा आणि हृदयाचा काही संबंध असेल, हे मराठी भाषेने कधी मान्य केलेलं नाही. आपण एखाद्यावर दात धरतो, दातओठ खातो, समोरच्याचे दात त्याच्याच घशात घालतो. या व्यवहारात हृदय कुठेच येत नाही. डॉक्टर मंडळींनी मात्र हे नातं केव्हाच जुळवलंय. दाढ काढताना हिरडीच्या जखमेतून तोंडातले जंतू रक्तात शिरतात. सुदृढ हृदय त्यांना उंबऱ्याशी थांबू देत नाही. पण झडप कृत्रिम असली, तर हे पाहुणे तिथेच मुक्काम ठोकण्याची भीती असते. हा आजार चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यात माणसं दगावतात. म्हणून अशा रोग्याने दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक घ्यावं, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ सालीच सांगून ठेवलं.

आमच्या घराण्यात दुरुस्त केलेली हृदयं दोन. पैकी मामांची बायपास ही सगळ्यांच्या माहितीची. बारसं असो, लग्न असो, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद असो, मामा ती बाहेर काढतातच. दुसरं हृदय मावशीचं. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला. सांधे सुटले, पण तापाने झडप खराब केली. पुढे तिला त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली झडप बसवली. ही झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसली, तेव्हा म्हणे मोठी बातमी झाली होती. मावशीच्या झडपेची मात्र शेजारणीलाही बातमी नाही. रात्री सामसूम झाली की ती टिकटिक वाजते. मावशी म्हणते, "भिंतीवरच्या घड्याळाला सेल तरी लागतो!"

दोघांचीही दाढ एकाच आठवड्यात ठणकू लागली. मी दोघांना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

मामांनी खुर्चीत बसण्याआधीच जाहीर केलं, "मी हार्ट पेशंट आहे. आधी कॅप्सूल द्या."

"काका, बायपासला त्याची गरज नसते. स्टेंटला नाही, पेसमेकरलाही नाही," डॉक्टर म्हणाले. "२००७ साली ती यादी फार आखूड केली. आता कृत्रिम झडपवाले, पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग झालेले, जन्मजात दोषांपैकी काही, असे थोडेच त्यात उरलेत."

मामांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांचं पहिल्या वर्गाचं तिकीट तपासून त्यांना दुसऱ्या वर्गात बसवलं.

मावशीने मात्र फॉर्मवर 'हृदयविकार?' या प्रश्नासमोर ठळक 'नाही' लिहिलं होतं. दाढेच्या कामात हृदयाचं कशाला? डॉक्टरांना उगाच काळजी! ती खुर्चीत बसली, तिने आ केला, आणि आरसा घेऊन वाकलेले डॉक्टर एकदम थबकले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं. मनगटाकडे पाहिलं. तिथे दोन बांगड्या.

"काकू, टिकटिक कुठून येतेय?"

मावशीने तोंड मिटलं आणि पदर सावरत म्हणाली, "छातीतून."

त्या दिवशी दाढ राहिली. मावशी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, हेही तेव्हाच निघालं. रक्ताची तपासणी झाली, दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले, पेनिसिलिन सोसतं ना हे विचारून झालं. मग ठरल्या दिवशी तासभर आधी अमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम. बस्स, एवढंच! आठ-आठ दिवसांचा कोर्स वगैरे काही नाही.

"मग यादी आखूड का केली?" मामांचा सल गेला नव्हता.

"कारण जंतू रोज ब्रश करताना, जेवतानाही रक्तात जातात, काका. रोज कॅप्सूल घ्याल? त्यापेक्षा हिरड्या निरोगी ठेवा. गरज नसताना औषध घेतलं, तर एखाद्याला ते बाधतं आणि जंतू मात्र निर्ढावतात."

मामा आता दोन वेळा ब्रश करतात. मावशीच्या पर्समध्ये झडपेची आणि गोळीची माहिती लिहिलेली चिठ्ठी असते. पण ती काढायची वेळच येत नाही. दवाखान्याच्या दारातूनच मामा खड्या आवाजात ओरडतात, "हिची झडप कृत्रिम आहे हो!"

मावशी लाजते. आम्ही मात्र मामांना आवरत नाही.