इग्वानाच्या डोक्यावरची ट्यूब

सुरतेजवळच्या कामरेजमध्ये, एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यातल्या उंच पिंजऱ्यात एक हिरवा इग्वाना राहतो आणि त्याच्या डोक्यावर ती राहते. जेमतेम बोटभर जाडीची, सोळा मिलिमीटर. दोन्ही टोकांना दोन-दोन पिना, अंगावर बारीक अक्षरांत छापलेला एक आकडा. पेटली की किंचित निळसर पांढरी दिसते, एवढंच. धुळ्याहून आलेल्या मामांनी तिची किंमत ऐकली आणि भाच्याला विचारलं, "अरे, सरड्याला उजेडाची एवढी काय चैन?"

"मामा, उजेडासाठी नाही. हाडांसाठी आहे ती."

तिचं खरं काम डोळ्यांना दिसतच नाही. तिच्या पोटात पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की त्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतल्या लेपातून त्यातले काही यूव्हीबी होऊन बाहेर पडतात. साध्या ट्यूबची काच ते अडवते. हिची काच मुद्दाम त्यांना वाट देणारी केलेली असते. हे किरण इग्वानाच्या कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं. अंगाच्या उबेनं त्याचं ड-३ बनतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाला लावतात, आणि तेव्हा कुठे खाल्लेलं कॅल्शियम आतड्यांतून रक्तात उतरतं. म्हणून तिच्या शेजारी उबेचा बल्ब लागतोच. एकटी ती अर्धंच काम करते.

ती नसली तर काय होतं, ते पाहवत नाही. शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतलं काढून घेऊ लागतं. खालचा जबडा मऊ पडतो, सुजतो. पायांची बोटं थरथरतात, पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. प्राणी मुका. कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

सुरतेत अतिनील दिवा म्हटलं की आधी हिरा आठवतो, आणि कामरेजपर्यंत पसरलेल्या या व्यवसायात तो दिवा ओळखीचाच आहे. ३६५ नॅनोमीटरच्या त्या उजेडात शंभरातले पंचवीस ते पस्तीस हिरे कमीअधिक चमकतात, बहुतेक निळे. पण तो दिवा इग्वानाच्या हाडांना काडीचाही उपयोगी नाही, कारण ड जीवनसत्त्वाला २८० ते ३१५ नॅनोमीटरमधले, म्हणजे यूव्हीबी, किरण लागतात. त्याहून वाईट म्हणजे जंतू मारायचा २५४ नॅनोमीटरचा दिवा. तो प्राण्याचे डोळे आणि कातडी भाजून काढतो. नुसतं 'यूव्ही' एवढं वाचून दिवा घेऊ नये, तरंगलांबी वाचावी.

स्वभावानं ती हट्टी आहे. मध्ये काच खपवून घेत नाही. साध्या काचेतून तिचं यूव्हीबी जवळपास पार होतच नाही. बारीक जाळी विणीप्रमाणे तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त खाऊन टाकते. जुन्या जाड ट्यूबचा चोक तिला चालत नाही. अंतर वाढलं की तिचा जोर झपाट्यानं ओसरतो, आणि फार जवळ आणली तर ती इजा करते. ती वरूनच हवी. सरड्याच्या भुवईचा कंगोरा वरच्या उन्हापासून डोळा झाकतो, बाजूच्या दिव्यापासून नाही.

अंगावरचे ५.० किंवा १०.० हे आकडे लोक जोर म्हणून वाचतात. ते सहसा प्रमाण सांगतात. प्राण्याच्या पाठीवर प्रत्यक्ष किती पडतं, ते अतिनील निर्देशांकाच्या मीटरनंच कळतं. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानातले सरडे-साप जिथे बसतात तिथलं ऊन मोजलं आणि २०१० मध्ये त्यांचे चार गट मांडले. ऊन खाणारा हिरवा इग्वाना तिसऱ्या गटात धरतात, सरासरी निर्देशांक १ ते २.६. दिवसा दडून राहणारा बॉल पायथन पहिल्या गटात, ०.७ च्या आत. म्हणजे एकाची ट्यूब दुसऱ्याच्या पिंजऱ्यावर लावणं चूकच.

सापांना ती लागतच नाही, असं अनेक पाळणारे सांगतात, कारण अख्खा उंदीर गिळला की ड जीवनसत्त्व मिळतं. पण २००८ च्या एका अभ्यासात तिच्याखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तात ड जीवनसत्त्व स्पष्ट वाढलं. बॉल पायथनवरच्या २०१३ च्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही. माझं मत, सापालाही सौम्य ट्यूब द्यावी आणि दडायला भरपूर सावली. पांढऱ्या, रंगहीन जातींना मात्र जपून.

बाहेर सुरतेचं ऊन फुकट असताना ही कशाला? मे महिन्यात दुपारी इथला निर्देशांक दहाच्या वर जातो. पण फ्लॅटच्या सरकत्या काचांतून त्या उन्हातलं यूव्हीबी आत येत नाही, आणि काचेची पेटी गच्चीत ठेवली तर आतला जीव काही मिनिटांत शिजतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात जाळीचा पिंजरा, अर्धा सावलीत, हे उत्तम. रोज जमत नाही, तिथे ती.

तिची एक गोष्ट मात्र सगळ्यात जपण्यासारखी आहे. ती विझण्याआधीच संपते. उजेड तसाच लख्ख असतो आणि यूव्हीबी कधीच ओसरलेलं असतं. चांगली टी-५, म्हणजे हिच्यासारखी सोळा मिलिमीटरची ट्यूब, साधारण वर्षभर टिकते, लहान पिळाचे बल्ब अनेकदा सहा महिन्यांतच बदलावे लागतात. म्हणून कामरेजच्या त्या मुलानं तिच्या टोकावर मार्करनं बसवल्याची तारीख लिहिली आहे. जुनी काढली की ती फोडायची नाही, आत पारा आहे, ई-कचऱ्यात द्यायची.

घोरपड, धामण, अजगर हे आपले प्राणी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. इग्वाना आणि बॉल पायथन परदेशी असले तरी २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती करा. आणि प्राणी आणण्याआधी ट्यूब बसवा, मीटर मागून आणून मोजा. इग्वाना पंधरा वर्षं जगू शकतो. दर वर्षी नवी ट्यूब घेणं झेपणार नसेल, तर तो पाळू नका.