चिनी वाट आणि बडोद्याची आत्या

'कसा वाटला सिनेमा?' या प्रश्नाला पणजीत नोव्हेंबरात मिळणारी उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. 2004 साली इफ्फी गोव्यात आला आणि जुन्या गोमेकॉच्या आवारातल्या रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण समीक्षक झाला. मीही त्यातलाच. पण एका चिनी प्रेमकथेवरची मी ऐकलेली सगळ्यात चांगली मतं त्या रांगेतली नव्हेत. ती ऐकली बडोद्यात, दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी.

(बडोदाच म्हणायचं! सरकारी कागदांवर वडोदरा होऊन किती वर्षं झाली, पण आत्यासमोर तसं म्हणायची सोय नाही.)

2008 ची वासी उत्तरायण. दिवसभर गच्चीवर पतंग उडवून सगळे दमलेले, उंधियू जिरायचा होता. आत्याची नात तिथल्या फाइन आर्ट्सला शिकत होती. तिने डीव्हीडी लावली. चित्रपट झांग यिमोचा 'द रोड होम', 1999 चा. मूळ चिनी नावाचा अर्थ 'माझे वडील, माझी आई' असा आहे. गोष्ट एवढीशीच. 1950 च्या दशकात खेड्यात नवा मास्तर येतो, गावातली एक मुलगी त्याच्यावर जीव लावते, त्याच्यासाठी रांधते, वाटेवर उभी राहते. पुढे मास्तरला चौकशीसाठी शहरात नेतात. ती बर्फात वाट बघत राहते.

आतेभाऊ बँकेतला, हिशेबी. त्याचं मत: "घडत काहीच नाही. नुसती धावते."
शेजारच्या बेन म्हणाल्या, "लग्नच दाखवलं नाही. आ केवी लव स्टोरी?"
नातीचा राग वेगळाच. मास्तरला का नेलं, हे दिग्दर्शक धड सांगत नाही, घाबरला, असं तिचं म्हणणं. हा वाद जुना आहे. झांग यिमोने 1999 साली हा चित्रपट आणि 'नॉट वन लेस' दोन्ही कान महोत्सवातून काढून घेतले होते. चिनी चित्रपट म्हटला की तो सरकारच्या बाजूचा की विरोधातला एवढंच पाश्चात्त्य बघतात, अशी त्याची तक्रार होती. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये 'द रोड होम'ला रौप्य अस्वल मिळालं. मला नातीचं अर्धं पटतं. पण ज्या मुलीच्या डोळ्यांनी गोष्ट दिसते, तिला तरी कुठे कारण कळलं होतं?

आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. नात मधून मधून सांगत होती, ते तरी आत्या ऐकत होती की नाही, देव जाणे. चित्रपटात आजचा काळ काळापांढरा आणि जुना काळ रंगीत आहे. आतेभावाला हे उलटं वाटलं. आत्या म्हणाली, "बरोबर आहे की."

आजच्या काळात तो मास्तर वारलेला असतो. म्हातारी हटून बसते, त्यांना गाडीतून आणायचं नाही, खांद्यावरून, चालत, त्याच वाटेने आणायचं. शेवटी मास्तरचे जुने विद्यार्थी कुठून कुठून येतात, थंडीवाऱ्यात शवपेटी वाहतात आणि मजुरी घेत नाहीत.

इथे आत्याने विचारलं, "किती लांब असेल गं?"

नातीला सांगता येईना.

आतोबा 1986 साली मुंबईत इस्पितळात गेले. सगळं तिथेच उरकलं. बडोद्याला आला तो कलश, गुजरात मेलने, आतेभावाच्या मांडीवर. आत्या स्टेशनवर गेली होती.

"तिथून आपण रिक्षा केली," ती मुलाकडे बघून म्हणाली. "चालत आणायला हवं होतं रे. स्टेशन ते दांडिया बाजार, असं काय लांब आहे?"

आतेभाऊ काही बोलला नाही. बेन उठून पाणी घेऊन आल्या. मग आत्यानेच नातीला सांगितलं, तो बाऊल जोडणारा पुन्हा लाव. मास्तर ज्यात जेवला तो बाऊल मुलीच्या हातून फुटतो, आणि तिची आंधळी आई फिरत्या कारागिराकडून तो सांधून घेते. नवा घेतला तर स्वस्त पडेल, असं तो म्हणत असतानाही. बारीक भोकं पाडून तो धातूचे टाके बसवतो, आपल्याकडचा कल्हईवाला ओसरीवर बसायचा तसाच बसून.

आत्याने तो प्रसंग दोनदा बघितला. आतेभाऊही बघत होता.