जुलैत गेला होता का?

जागा घ्यायची म्हणून माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक दिवाळी पाडव्याच्या आसपास येतो. पाऊस संपलेला असतो, बोनस हातात असतो, प्लॉटवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. अशा वेळी कुठलाही प्लॉट देखणाच दिसतो. दर, कर्ज, कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वेचं दार सगळं बोलून झालं की मी विचारतो, ‘जुलैत गेला होता का तिथं?’ मग समोरचा गप्प होतो.

कोल्हापुरात हा प्रश्न आधी विचारायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्याला पाण्याची सवय आहे. पण व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क इथं ज्यांनी ‘पॉश एरिया’ म्हणून पैसे मोजले होते, त्यांनी पार्किंगमधल्या गाड्या बुडताना पाहिल्या. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. शंभर वर्षांतून एकदा हे गणित ज्यानं दोन वर्षांत दोनदा जिन्यावर बसून पाहिलंय, त्याला ते समजावून सांगायला जाऊ नये. मी नकाशा बघतो. पण त्याआधी शेजारच्या जुन्या घराची भिंत बघतो. रंग कितीही मारला तरी ओलीची रेघ वर येतेच. उलट पाचगाव-मोरेवाडीच्या बाजूला चढावर गेलात की विचारायचं ते टँकरबद्दल.

मी या धंद्यात आलो तो पैसे घेऊन नव्हे. 2001 साली एका वकिलांकडे सर्च काढायला लागलो. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बसून तीस वर्षांच्या सूचीची पानं उलटायची, टाचण काढायचं. त्या धुळीत एक कळलं. सातबारा सगळेच बघतात. त्यावरच्या फेरफारांचे नंबर मात्र कुणी उघडून वाचत नाही. आणि जमिनीची खरी गोष्ट फेरफारात असते. वारस कुणी लावले, कुणाचं नाव गळलं, इतर हक्कात सोसायटीचा बोजा किती, वर्ग 2 की वर्ग 1, देवस्थान इनाम की वतन, सगळं तिथं असतं.

एक व्यवहार अजून डोळ्यांपुढं आहे. शहरालगतच्या गावातले दहा गुंठे. चहाच्या गाड्यावर बसून इसाराची रक्कम ठरली. मी कागद चाळत विचारलं, ‘आण्णा, 1988 च्या फेरफारात दोन बहिणी दिसत्यात. हक्कसोडपत्र?’ आण्णांनी बशीतला चहा संपवला. ‘साहेब, त्यांचं काय काढलंय? लग्नात दिलंय की सगळं. त्या काय मागायच्या न्हाईत.’ बहिणी खरंच मागत नव्हत्या. त्यांचे जावई मागायला लागले. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच असतो, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, हे स्पष्ट केलं. बहिणींमुळे व्यवहार अडला असं लोक सांगतात. तो अडतो बहिणींना विसरणाऱ्या भावांमुळे.

माझी पहिली खरेदी 2006 ची. राजारामपुरीतला 130 फुटांचा जुना गाळा, शटर गंजलेलं, सव्वातीन लाख. भाडेकरू टेलर होता, महिना 2,200 द्यायचा. वर्षाला आठ टक्के पडले. मित्रांनी फ्लॅट घे म्हणून डोकं खाल्लं. आज नवीन मुलं तेच करतात, म्हणून हिशेब सांगतो. 40 लाखांचा फ्लॅट, त्यात 30 लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता 26 हजारांच्या घरात. भाडं 11 हजार. घरफाळा आणि मेंटेनन्स वेगळाच. दरमहा पंधरा हजार खिशातून घालायचे आणि त्याला गुंतवणूक म्हणायचं. राहायला घ्या, जरूर घ्या. पण मग त्याला घर म्हणा.

मीही शहाणा नव्हतो. 2016 साली इसारावर जागा फिरवायचा नाद लागला. थोडा इसार द्यायचा, खरेदीखताच्या मुदतीआधी तिसऱ्याला चढ्या दरानं लावून द्यायची. दोन जमल्या. तिसऱ्यात पाच लाख अडकवले आणि 8 नोव्हेंबरला रात्री आठ वाजता टीव्ही लावला, तर नोटाबंदी. घेणारा दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेना. मुदत गेली, इसार गेला. टेलरच्या भाड्यानं ते वर्ष कसंबसं निघालं. तेव्हापासून नियम एकच आहे. आधीच्या जागेचं कर्ज फिटेपर्यंत पुढची जागा बघायला जायचं नाही, बायकोला दाखवायलाही नाही.

सध्या बोलबाला आहे तो सर्किट बेंचचा. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं हे बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची कामंही इथंच येऊ लागली. वकिलांना ऑफिसं हवीत, पक्षकारांना मुक्कामाला खोल्या हव्यात. भाऊसिंगजी रोडच्या आसपासचा जिन्याखालचा गाळाही आता ‘हायकोर्ट टच’ झालाय. मागणी खरी आहे. पण एजंट सांगतो तो दर पुढच्या पाच वर्षांचा असतो आणि भाडं या महिन्याचं. हद्दवाढीचंही तसंच. महापालिका 1972 ची. त्यानंतर कित्येक दशकं हद्दीत एक गाव आलं नाही. 2017 मध्ये 42 गावांसाठी प्राधिकरण झालं. ‘हद्दीत येणार’ म्हणून घेतलेल्या प्लॉटवर माझ्या ओळखीचे दोघे अजून ऊस लावतात.

गेल्या दिवाळीला एक पोरगा आला होता, उचगावकडचा, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नोकरीला. प्लॉट आवडला होता, इसार द्यायची घाई होती. त्याला जुलैपर्यंत थांब म्हणालो. नाराज होऊन गेला. जुलैत एका सकाळी त्याचा फोन आला. मागं पावसाचा आवाज.

‘काका, प्लॉटवर आलोय. पण रस्ता कुठं संपतोय तेच दिसंना.’

‘गाडी कुठं लावलीस?’

‘लांब. अर्धा किलोमीटर मागं.’

‘मग तिथनंच फोटो काढ,’ म्हटलं, ‘आणि परत फिर.’