कागद दुमडणारा माणूस

कविता सुरू कुठून करावी, याची चिंता कवीने कधी केली नाही. पहिली ओळ लोकलमध्ये सुचते, बँकेच्या रांगेत सुचते, नाहीच सुचली तर सुचेपर्यंत थांबता येतं. त्याची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. कविता संपली हे कळायचं कसं? केस पांढरे झाले, संग्रह निघाले, दिवाळी अंकांतून नाव छापून येऊ लागलं, तरी हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. गेल्या पावसाळ्यापासून तर तो जास्तच छळतो. ज्याच्या भरवशावर तो सुटायचा, तो मित्र आता नाही.

मित्र मुद्रितशोधक होता. गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्याच्या काळात तो कामाला लागला आणि पुढे डीटीपीचे कागद घरी आणून तपासू लागला. जन्मात त्याने एक कविता लिहिली नाही. लिहावीशी वाटली असं कधी बोलल्याचंही आठवत नाही. दादरच्या इराण्याकडे कोपऱ्यातलं टेबल मिळालं की कवी खिशातून कागद काढायचा. मित्र चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद डोळ्यांजवळ धरायचा, एकदा मनात आणि एकदा ओठ हलवत वाचायचा. मग काही न बोलता शेवटच्या दोन ओळी मागे दुमडायचा, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवायचा आणि कागद परत द्यायचा. ‘आता वाच.’

कवी वाचायचा, आणि कविता दोन ओळी आधीच संपलेली असायची.

कधी घडी आणखी वर सरकायची. कधी मित्रच ती उलगडून ‘नाही रे, असू दे’ म्हणायचा. कारण सांगायची त्याला सवय नव्हती. एकदा कवी हट्टालाच पेटला तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘तू पाहुण्याला सोडायला जिन्याखाली रिक्षापर्यंत येतोस. दारात निरोप दे की.’ त्यानंतर बराच काळ कवीला प्रत्येक शेवटच्या ओळीत रिक्षा दिसत राहिली.

हा नुसत्या एका माणसाच्या सवयीचा प्रश्न नाही, असं कवीचं ठाम मत आहे. मराठी कवितेला पूर्वी संपण्याची सोय होती. ग्रंथातल्या ओवीचा चौथा चरण आखूड असतो, म्हणजे श्वास कुठे टेकायचा ते ओवीच ठरवते. अभंगात कवीची नाममुद्रा आली की ऐकणाऱ्याला कळतं, आता हात जोडायचे. गझलेत मक्त्याच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो. केशवसुतांनी मराठीत रुळवलेलं सुनीत चौदा ओळींचं. तेराव्या ओळीला कवीच्या मनात कितीही दाटून आलेलं असो, पुढे एकच ओळ शिल्लक असते. मुक्तछंदाने हे सगळे कुंपणाचे खांब काढून टाकले. त्याचा आनंद कवीने आयुष्यभर घेतला, छंदात परत जायची त्याला इच्छा नाही. पण खांब गेले तेव्हा त्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी गेलं, आणि ते ऐकणाऱ्याकडे गेलं, असं तो म्हणतो. म्हणून मुक्तछंद लिहिणाऱ्याला मित्र लागतो. वृत्तात लिहिणाऱ्याला तो असला तर बरं, एवढंच.

गंमत अशी की वृत्तावर जीव असलेल्या कवींनीही मित्रांवाचून निभावलं नाही. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ उभं राहिलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि एकमेकांना कविता ऐकवत. माधव जूलियन म्हणजे फार्शीचे पंडित, ‘छंदोरचना’ लिहिणारे. मात्रा मोजायला त्यांना कुणाची गरज नव्हती. तरीही ते त्या बैठकीला जात. कवी मंडळाच्या यादीतल्या एका नावापाशी नेहमी थांबतो. दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे. हेही मंडळात होते आणि त्यांची ओळख कवी म्हणून नाही, नाट्यछटाकार म्हणून आहे. एक पात्र बोलत सुटतं, नको ते बोलून जातं आणि छटा तिथेच तुटते, पुढे लेखक एक अक्षर बोलत नाही. असा कान शेजारी असेल तर कवीने शेवटी लांबण लावायची हिंमत कशी करावी?

मंडळावर टीकाही भरपूर झाली. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून त्या काळच्या काव्यातल्या लकबींची टर उडवली. पुस्तक १९२५ साली आलं. लोक अजून त्यावर हसतात. कवीला मात्र वाटतं, की त्या विडंबनांमागे अत्यंत बारकाईचं वाचन आहे. कविता कुठे सैल पडते, कुठे उगाच गळा काढते, हे ओळखल्याशिवाय विडंबन जमत नाही. अत्र्यांनी कागद भर बाजारात दुमडला, एवढाच फरक.

मुंबईत असं टेबल काळा घोड्यापाशी होतं. वेसाइड इन या उपाहारगृहात अरुण कोलटकर गुरुवारी दुपारी बसत. कोल्हापूरचा मुलगा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, जाहिरातींच्या धंद्यात नाव काढलेला, आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत कविता लिहिणारा. खिडकीतून दिसणाऱ्या चौकातूनच पुढे ‘काळा घोडा पोएम्स’ झालं. अदिल जसावाला यांच्यासारखे कवी त्यांचे स्नेही होते. १९७६ साली कोलटकर, जसावाला, गिव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी मिळून क्लिअरिंग हाउस काढलं आणि कवींनीच कवींची पुस्तकं छापली. ‘जेजुरी’ तिथूनच आलं.

पण कोलटकरांच्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत कवीची नजर अशोक शहाणे यांच्याकडे वळते. शहाणे गद्य लिहिणारे, बंगालीतून अनुवाद करणारे, मराठी साहित्यावर क्ष-किरण टाकणारा लेख लिहून १९६३ साली खळबळ उडवणारे आणि प्रास प्रकाशनाचे प्रकाशक. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रासने १९७७ साली काढलं. त्यानंतर कोलटकरांचा पुढचा मराठी संग्रह यायला २००३ साल उजाडलं, मग ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ एकामागून एक आले. सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा ते नव्हते. पंचवीस वर्षांहून मोठी ही खिंड आणि दोन्ही काठांना तोच प्रकाशक. त्या दोघांत कवितांबद्दल काय बोलणं होई, यावर कवी काही बोलू इच्छित नाही. पण घाई न करणारा कवी आणि घाई न करायला लावणारा मित्र, ही जोडी मराठीत पुन्हा सहज जमणार नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगतो.

आणखी एक कान गिरगावातल्या खटाववाडीत होता. श्री. पु. भागवत कवी नव्हते. ‘सत्यकथे’चे संपादक म्हणून त्यांनी आणि राम पटवर्धनांनी लेखकांना पाठवलेली पत्रं, परत केलेली हस्तलिखितं, पुन्हा लिहा म्हणून धरलेले आग्रह यांवर मराठीतल्या दोनेक पिढ्या वाढल्या. साठच्या दशकात लघुनियतकालिकांच्या पोरांना हे सगळं सोवळं वाटलं. १९६९ साली राजा ढाले आणि मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. कवी वाढला तो या पोरांची सायक्लोस्टाइल केलेली पानं वाचत. त्यांच्या रागाला कारण होतं हे तो आजही मानतो. त्या संपादकीय मेजापर्यंत पोचू न शकलेल्या भाषा आणि वस्त्या पुढे मराठी कवितेचा कणा झाल्या. पण ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली आणि परत आलेली कविता नावाची वस्तूही हळूहळू नाहीशी झाली. हे नुकसान त्या पोरांचंही झालं.

आता कविता परत येत नाही. ईमेल केला की एक तर ती छापून येते, नाही तर काहीच येत नाही. फोनवरच्या गटांत कविता टाकल्यावर मिनिटाच्या आत ‘अप्रतिम’ येतं, खरं तर ती नीट वाचायलाच दोन मिनिटं लागावीत. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर कवी रांगेत उभे असतात आणि आपली कविता वाचून झाली की निघून जातात. पुढच्याची ऐकायला कुणी थांबत नाही. कवीला याचा मनापासून संताप येतो. पुस्तकं स्वतःच्या पैशाने छापण्याबद्दल तो काही म्हणत नाही, तेवढं सगळ्यांनाच करावं लागतं. पण न ऐकता लिहिणारी माणसं वाढली, हे त्याला साहित्याचं खरं दारिद्र्य वाटतं. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्यात ‘कविता-रती’ हे नियतकालिक सुरू केलं, केवळ कवितेसाठी. मोठ्या शहरापासून दूर राहून ते नेटाने चालवलं. असं काही पाहिलं की त्याचा राग निवतो.

सभागृहाबद्दलचं त्याचं मत मात्र बऱ्याच जणांना पटत नाही. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव जाऊन कविता वाचल्या आणि महाराष्ट्राला कविता ऐकायची गोडी लावली. त्याने लहानपणी त्यांना ऐकलं आहे आणि ते ऋण तो मानतो. तरी तो म्हणतो, सभागृह शेवटच्या ओळीवर टाळी देतं, म्हणून शेवटची ओळ टाळीसाठी लिहायची सवय लागते. हे त्याला पक्कं माहीत आहे, कारण ती सवय त्याला आहे. शेवटाकडे आला की त्याचा आवाज आपोआप खाली उतरतो, एक विराम येतो, आणि त्या विरामात तो समोरच्या रांगेकडे बघतो. पहिल्या ‘वा’ची त्याला तहान आहे. मित्र हयात असताना इराण्याकडे दुमडलेली ओळ त्याने व्यासपीठावर उलगडून वाचली आहे, आणि टाळी घेतली आहे. त्या टाळीचा आनंद खोटा नव्हता. मित्र श्रोत्यांत बसलेला असायचा. बाहेर पडल्यावर तो फक्त चहा मागवायचा.

आता एक तरुण मुलगी त्याच्याकडे कविता घेऊन येते. कल्याणची, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, रात्रपाळी करते. तिच्या कवितेत रक्ताचे नमुने आहेत, पहाटेचा फलाट आहे, आईच्या डब्यातली गार भाकरी आहे. तिची कविता वाचताना कवीला शेवट लख्ख दिसतो. पहिल्यांदा त्याने तिचा कागद दुमडला तेव्हा स्वतःच्या बोटांकडे बघून तो दचकला. नख त्याच जागी फिरलं होतं. ती म्हणाली, ‘सर, पण या दोन ओळी माझ्या आईच्या आहेत. राहू देत ना.’ त्याने पुन्हा सांगितलं. तिने ठेवल्या आणि कविता तशीच छापून आली. त्या दोन ओळी जायला हव्या होत्या, असं त्याचं आजही मत आहे. ती पुढची कविता घेऊन आली, हे त्याला आवडलं.

मग स्वतःचं का दिसत नाही? हा विचार करत तो रात्री जागतो. आपल्या शेवटच्या ओळीत आपलं नाव असतं, अभंगात उघड असतं तसं, फक्त लपवलेलं, आणि आपलं नाव आपल्या हाताने खोडणं कठीण, असं त्याला वाटतं. कविमित्रांना ऐकवून त्याने पाहिलं. चांगले कवी आहेत, जिवाभावाचे आहेत. पण कवीला ऐकवलं की तो ‘मी हे असं केलं असतं’ म्हणतो, आणि आपल्या कवितेत त्याची कविता सुरू होते. मुद्रितशोधकाला स्वतःची कविता नव्हती. दिवाकरांचा हात गद्याचा होता, शहाण्यांचाही, आणि भागवत संपादक होते. इथेच काहीतरी आहे, असं त्याचं मन सांगतं.

मित्रावरची कविताही अपुरी आहे. शोकसभेत ती वाचावी म्हणून आयोजकांनी आग्रह केला. त्याने मित्राने तपासलेल्या पुस्तकांची यादी वाचली आणि खाली बसला. कविता वहीत आहे. तिचे वेगवेगळे शेवट वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि वाचताना प्रत्येक खरा वाटतो, हीच पंचाईत आहे.

येत्या वर्षी त्याचा नवा संग्रह छापायला जायचा आहे. त्याआधी त्याला एक माणूस हवा आहे. दादर ते कल्याणच्या पट्ट्यात राहणारा, मराठी मन लावून वाचणारा, कविता न लिहिणारा आणि तोंडावर ‘इथे थांब’ म्हणू शकणारा. वयाची, शिक्षणाची अट नाही. महिन्यातली एक संध्याकाळ द्यावी लागेल, चहाचे पैसे कवी देईल. असं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर या अंकाच्या संपादकांकडे त्यांचा निरोप जरूर ठेवावा.